एकशे चाळिसावी धुकेरी

४ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

तुझ्या त्या खोऱ्यात टपाल अजून पोचतं ना? की रेडिओ दुर्बिणीच्या माणसांना आता पत्राचाही आवाज सहन होत नाही? मोबाईल चालत नाही, वायफाय नाही, ऑफिसात एकच फोन, आणि त्यावर बोलायचं तर निम्मं खातं कान टवकारून बसलेलं. म्हणून लिहितोय. सात वर्षांतलं माझं पहिलं पत्र आहे, जपून ठेव.

मी रजेवर आहे. साठली होती, म्हटलं संपवावी. माळा आवरताना आपला लहानपणीचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात माझा हातातला गेम, माझं ‘पहाट’ कार्ट्रिज आणि ती राखाडी केबल. सेल घातले तर चक्क चालू झालं! जंगलात हिंडायचं, जीव दिसला की जाळं टाकायचं, यादीत भरायचा. एकूण एकशे चाळीस. माझे तेव्हाचे एकशे एकवीस जिथल्या तिथे होते. इंग्रजी नावं तेव्हाही आली नाहीत, आताही येत नाहीत, त्यामुळे आपली नावंच चालू आहेत: ढेकळ्या, फुरफुऱ्या, काजळमाशी. दहा दिवसांत एकशे एकोणचाळीस केले. गोदीत चाळीस टनांचे कंटेनर उचलणारा माणूस बोटभर काजळमाशीमागे दोन दिवस धावला, हे कुणाला सांगू नकोस.

राहिली एकटी धुकेरी. ती ‘पहाट’मध्ये निघतच नाही, तुझ्या ‘सांज’मध्येच निघते. केबल जोडून तुझ्याकडूनच माझ्याकडे यायची. तर तुझं कार्ट्रिज आहे का अजून? असेल तर पकड आणि सवडीने ये.

वहिनी मजेत. मीही.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र मिळालं. चार दिवस लागले.

‘सांज’ माझ्याकडे आहे. पण इथे ते उघड्यावर चालवता येत नाही. त्याच्या आतल्या घड्याळाची लहर आमच्या अँटेनांना ऐकू जाते. आमच्या विभागप्रमुख बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “तुझा खेळ आलेखात काटा होऊन दिसेल, आणि एखादा उत्साही माणूस त्याला तारा समजून शोधनिबंध लिहील.” शेवटी त्यांनी चाचणीच्या बंद खोलीत खेळायची परवानगी दिली. त्या खोलीच्या भिंतींत तांब्याची जाळी आहे, दार शीतगृहासारखं जड आहे, आतली लहर बाहेर जात नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत पंचवीस मिनिटं.

कार्ट्रिज उघडून पाहिलं. आत बटणाएवढी एक बॅटरी असते, तिच्यावरच सगळी साठवण टिकते. नवी असताना तीन व्होल्ट. माझी २.५८ आहे. दोनच्या खाली गेली की कार्ट्रिज सगळं विसरेल. तुझीही तेवढीच जुनी आहे, लक्षात असू दे.

धुकेरी माझ्याकडे नाही. लहानपणी होती, ती गेली. नव्याने पकडावी लागेल. ती तळ्याकाठी धुकं असतानाच येते आणि आपण जवळ गेलो की बहुतेक वेळा निघून जाते.

तू कधी चार दिवसांपेक्षा जास्त रजा घेतलेली नाहीस. ही किती दिवसांची आहे?

— धाकटी

१५ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

हे पत्र मी दुकानात बसून लिहिते आहे. ह्यांना सांगू नकोस.

रजा साठलेली वगैरे काही नाही. नोव्हेंबरात क्रेनवाल्यांची वार्षिक तपासणी झाली. सोनोग्राफीत दिसलं की ह्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे. तेव्हा ४.९ सेंटिमीटर होती. जानेवारीच्या शेवटी पुन्हा केली, ५.४. केबिनमध्ये चढायला त्यांनी त्याच दिवशी बंदी केली. सर्जनबाई म्हणाल्या, साडेपाचच्या पुढे थांबायचं नाही, फुटली तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही. वेळेत ऑपरेशन केलं तर बहुतेक माणसं बरी होतात. त्यांनी कागद पुढे केला, तर हे हसून म्हणाले, “बाई, माझं एक काम अर्धं राहिलंय. तेवढं झालं की सही करतो.” मला वाटलं गोदीतलं काही असेल. घरी येऊन बघते तर हे काम!

आता हे पाण्याची बादली उचलत नाहीत. शिंक आली तर नाक दाबून थांबवतात. बुटाची नाडी मी बांधते. दिवसभर खुर्चीत ताठ बसून तो गेम. बाबा साध्या हर्नियाला आत गेले आणि आले नाहीत, हे मला लग्नात सांगितलं होतं तेवढंच.

लवकर पकड बाई ती तुमची धुकेरी. मी आयुष्यात कुणाला गेम खेळ म्हणून विनवलं नव्हतं.

आणि सर्जनबाईंनी सांगितलंय, हे भावंडांमध्ये असू शकतं. तूही तपासून घे.

तुझी,
वहिनी

२० फेब्रुवारी

प्रिय दादा,

आजपर्यंत नऊ सुट्ट्या तळ्याकाठी घालवल्या. मोजून पाहिलं. धुकं साधारण सहा फेऱ्यांत एकदा पडतं. धुकं असताना धुकेरी दिसायची शक्यता सोळात एक. दिसली तर जाळ्यात राहायची शक्यता तीनात एक. म्हणजे सरासरीने अजून बराच वेळ लागेल, पण सरासरी म्हणजे काही वेळापत्रक नव्हे. बाईंनी सुट्टी चाळीस मिनिटांची करून दिली. कारण विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

कालपासून मी डबा खोलीतच खाते. एका हाताने.

तुझी यादी कुठवर आली? आणि रजेचं लिहिलं नाहीस.

— धाकटी

२७ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

अगं, एवढी काय घाई! रेल्वे सुटतेय का? एका हाताने जेवू नकोस, ठसका लागेल. धुकेरी यायची तेव्हा येईल.

माझी यादी एकशे अडतीस. रजा बेमुदत. गोदीतले म्हणतात, “तुझ्याशिवाय क्रेनचं अडलंय.” खोटं बोलतात, माझ्या जागी आलेली मुलगी माझ्यापेक्षा अलगद कंटेनर ठेवते म्हणे. खाली अंडं ठेवलं तरी फुटणार नाही. मी गच्चीवरून तिची क्रेन बघत बसतो. बरी आहे. वळताना थोडी उतावीळ.

वहिनीने तुला काही लिहिलं आहे का? हल्ली ती दुकानातून उशिरा येते आणि बोटाला शाई असते.

दादा

५ मार्च

प्रिय दादा,

पकडली.

आज बारा वाजून बावन्न मिनिटांनी. जाळं तीनदा हललं आणि थांबलं. मी त्या खोलीत एकटीच होते, तरी कुणाला तरी सांगायला वळले.

१५ तारखेला रविवार आहे. सकाळच्या बसने निघून दुपारी पोचते. अदलाबदलीला वीस सेकंद लागतात. संध्याकाळच्या बसने परत.

एक विचारायचं आहे. पहिल्या पत्रात तुझे एकशे एकोणचाळीस होते. दुसऱ्यात एकशे अडतीस. या खेळात जीव आपणहून पळत नाही. एकच वाट आहे: ‘सोडा’वर जायचं, मग तो विचारतो ‘नक्की?’, मग पुन्हा विचारतो ‘खरंच नक्की?’ म्हणजे तीनदा बटण दाबावं लागतं. चुकून एकदा दाबलं जाईल, तीनदा नाही.

वहिनींनी काही लिहिलेलं नाही. शाई दुकानाच्या शिक्क्याची असेल.

— धाकटी

१० मार्च

प्रिय मोजपट्टी,

या रविवारी नको. घरात रंगकाम काढलंय, बसायला जागा नाही. पुढच्या महिन्यात बघू.

आणि तू माझे जीव मोजत बसू नकोस. तुझ्या ताऱ्यांना आकडे लाव. जागा कमी पडत होती म्हणून काही सोडले. एकशे एकतीस आहेत. पुन्हा पकडीन, त्यात काय!

धुकेरीला सांभाळ. तिला काही होऊ देऊ नकोस.

दादा

११ मार्च

नणंदबाई,

रंगकाम वगैरे काही नाही. भिंती आहेत तशाच आहेत.

काल तिसरी सोनोग्राफी झाली. ५.७. सर्जनबाई या वेळी हसल्या नाहीत. कागद ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि घरी येऊन गेम काढला. मी मागे उभी राहून बघितलं. हे पकडत नव्हते. सोडत होते. एकेक निवडायचा, बटण दाबायचं, दाबायचं, दाबायचं, आणि तो जीव पडद्यावरून चालत जायचा. मी म्हटलं, “अहो, हे काय चाललंय?” तर म्हणाले, “तू जा, भाजी करपेल.” गॅसवर भाजी नव्हतीच.

मला आता कळत नाही, तुला काय सांगू. लवकर ये म्हणू की येऊ नको म्हणू.

वहिनी

१६ मार्च

दादा,

मला सगळं ठाऊक आहे. १९ फेब्रुवारीपासून. वहिनींनी कळवलं आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. ४.९, ५.४, ५.७. आधीचे पाच मिलिमीटर वाढायला अकरा आठवडे लागले, नंतरचे तीन सहा आठवड्यांत. पहिले दोन आकडे मी एका कागदावर लिहून मेजाच्या खणात ठेवले आहेत आणि महिनाभर तो खण उघडलेला नाही.

मला वाटत होतं, यादी लवकर पूर्ण केली की तू लवकर सही करशील. म्हणून मी धावत होते. आता दिसतंय की मी तुझ्या दिशेने धावले की तू तेवढाच मागे सरकतोस. मी एक पकडली की तू आठ सोडतोस. हा हिशेब कधीच मिटणार नाही, आणि तुला तो मिटवायचाही नाही.

म्हणून आज मी माझी बाजू बंद केली. बंद खोलीत बसून ‘सांज’ उघडलं, सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि बॅटरी काढून घेतली. दहा मिनिटांनी परत बसवली. चालू करून पाहिलं. ‘नवा खेळ’ एवढाच पर्याय येतो. धुकेरी गेली. तुझी यादी आता कधीही पूर्ण होणार नाही. तेव्हा ती पूर्ण व्हायची वाट बघायचंही कारण उरलेलं नाही. सही कर, किंवा करू नकोस. पण यादीच्या आड बसू नकोस.

आणखी एक. ते तुला बावीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात, बाबांना आत नेलं होतं तेव्हा, आपण केबल जोडून बसलो होतो. धुकेरी माझ्याकडून तुझ्याकडे निघाली होती. पडद्यावर आलं होतं, केबल काढू नका. तुला वाटलं तुझे सेल उतरले. सेल उतरले नव्हते. केबल मी ओढली. मला धुकेरी द्यायची नव्हती. ती तुझ्याकडेही पोचली नाही आणि माझ्याकडेही उरली नाही. मी वर बघितलं तेव्हा मामा त्या दारातून बाहेर येत होता.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला माहीत आहे. मी शिकलेली बाई आहे. तरीही दवाखान्याच्या दाराशी मी कधी हातात काही धरून बसत नाही.

— धाकटी

१६ मार्च

प्रिय मोजपट्टी,

सही केली. आज सकाळी, अकरा वाजता. ऑपरेशन ४ एप्रिलला.

परवा दुपारी पाठीत कळ आली. मला वाटलं, झालं. वहिनीने शेजारच्यांची गाडी काढायला लावली. वाटेत मी डोळे मिटून बसलो होतो. म्हटलं बघायचंच नाही. मग उघडले तेव्हा दिसलं, तिच्या मुठीत गॅस पेटवायचा लायटर होता. घरातून निघाल्यापासून तशीच घट्ट धरून बसली होती. स्वतःला ठाऊकही नव्हतं. दवाखान्यात तपासलं तर स्नायू आखडला होता. दीड महिना ताठ बसून बसून! डॉक्टर हसले. ती हसली नाही. परत येतानाही लायटर मुठीतच.

मी सोडत होतो ते तू ओळखलंस. बरोबर आहे. यादी भरत आली की मी ‘सोडा’वर जायचो. बाबा आत जायच्या आधी म्हणाले होते, “अर्ध्या तासात येतो.” तेव्हापासून काम संपत आलं की मला भीती वाटते. क्रेनवर बरं असतं, एक कंटेनर ठेवला की दुसरा तयार असतो.

पण परवापासून परत पकडतोय. आज सकाळी एकशे एकोणचाळीस झाले. एक मागणं आहे. ३ तारखेला ये आणि धुकेरी आण. आदल्या संध्याकाळी वॉर्डात केबल जोडू. तेवढी यादी पूर्ण करून आत जातो. एवढ्याच एका गोष्टीवर मी सही केली आहे असं समज.

दादा

२० मार्च

दादा,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. माझं तुला आजच मिळालं असेल. दोन्ही पत्रं एकाच दिवशी निघाली आणि वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली.

मी ऑफिसातल्या फोनपाशी गेले. नंबर फिरवला. तीन जण जेवत होते. त्यांनी चमचे खाली ठेवले. घंटा वाजायच्या आत मी फोन ठेवून दिला.

वस्तुस्थिती अशी. नव्याने खेळून धुकेरीपर्यंत पोचायला साधारण चाळीस तास लागतात. माझ्याकडे चाळीस मिनिटांच्या नऊ सुट्ट्या आणि दोन रविवार आहेत. जमणार नाही. मात्र आमच्याकडे चिपमध्ये थेट माहिती भरायचं यंत्र आहे. त्याने मी तुझ्यासाठी धुकेरी लिहून ठेवू शकते. अकरा मिनिटांचं काम आहे. पकडल्याची तारीख, वेळ, तळं, सगळं खरं वाटेल असं भरता येतं. यादीला फरक कळणार नाही. तू हो म्हणालास तर करते.

मी काल तपासणी करून आले. तालुक्याच्या दवाखान्यात, बारा मिनिटं. १.९ सेंटिमीटर. म्हणजे काही नाही. वहिनींनी सांगून महिना होऊन गेला होता. रोज काम असायचं. दिवसाला चारशे गोष्टी मोजणारी बाई मी, तेवढी एक मोजायला गेले नाही. तुला मी जे सुनावलं ते कुठल्या तोंडाने, हे मला विचारू नकोस.

— धाकटी

२१ मार्च

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. मला काही लिहायचं नाही.

दादा

२५ मार्च

प्रिय मोजपट्टी,

२१ ला लिहिलं ते रागात. अजून आहे राग. तीन दिवस वहिनीशीही बोललो नाही. ती म्हणाली, “बोलू नका, पण कानात बोळे तरी घालू नका, मी बोलणार आहे,” आणि सबंध संध्याकाळ बोलली. तुझी बाजू घेऊन. तुम्हा दोघींचं कधीपासून एवढं जमलं?

आज दवाखान्यात फोन करून सांगणार होतो, ४ ची तारीख रद्द करा. फोन हातात घेतला आणि तुझं दुसरं पत्र आलं. १.९ हा आकडा दोनदा वाचला. तू तपासून घेतलं नसशील असं मला वाटलंच नव्हतं. मी आपला माझ्याच पोटाला जपत बसलो होतो. फोन ठेवून दिला.

आता केबलचं. मला माहीत होतं. मी पडद्याकडे बघत नव्हतो, तुझ्या हाताकडे बघत होतो. तू ओढलीस ते मी बघितलं. बोललो नाही, कारण मला वाटलं चूक माझीच. सकाळपासून मी तुझ्या मागे लागलो होतो, धुकेरी दे, धुकेरी दे. बाबांना स्ट्रेचरवर घेतलं तरी मी मागतच होतो. ते जाता जाता तुला म्हणाले, “देऊन टाक गं त्याला एकदाची, कटकट मिटू दे.” तुला आठवत नसेल, तू सात वर्षांची होतीस. ते त्यांचं आपल्याशी शेवटचं बोलणं. मी तेरा वर्षांचा घोडा. निरोप घ्यायच्या वेळी मी एक खेळातला किडा मागत होतो. बावीस वर्षं मला वाटतंय की मी गप्प बसलो असतो तर ते आणखी काहीतरी बोलले असते.

तर तू केबल धरून बसलीस, आणि मी हट्ट धरून. बघ, आपण दोघांनी मिळून त्यांना मारलं आणि एकमेकांना सांगितलंही नाही. वहिनीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुम्ही दोघं बहीणभाऊ ठार वेडे आहात,” आणि रडली.

तुझ्या यंत्रातली धुकेरी नको. खोट्या वजनावर लोड उचलत नसतात, क्रेन उलटते. यादी एकशे एकोणचाळीस राहील. मला भीती वाटतेय, ती यादी भरली असती तरी वाटलीच असती, हे आता कळलं.

त्याऐवजी एक कर. बाबांच्या त्या तासांचं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. किती वाजता काय झालं, कोण काय म्हणालं, कुणालाच ठाऊक नाही. आईला विचारलं तर ती म्हणायची, “झालं ते झालं.” गोदीत आम्ही प्रत्येक लोडची वेळ लिहितो. माझे तास तू लिही. मला उद्देशून लिही. वाईट झालं तरी शेवटपर्यंत लिही, मधेच सोडू नकोस.

३ ला ये.

दादा

४ एप्रिल

दादा,

सकाळी ७:४०. तुला आत नेलं. स्ट्रेचर वळताना तू ढकलणाऱ्याला म्हणालास, “सावकाश, लोड तिरका जातोय.” तो हसला. तुझा हात गार होता. दार बंद झाल्यावर त्यावरचा दिवा लागला.

८:१५. वहिनींनी डबा उघडला आणि परत बंद केला. सर्जनबाई म्हणाल्या होत्या तीन तास.

९:३०. काही नाही.

१०:४०. तीन तास झाले. दार उघडलं नाही. मी घड्याळ मनगटावरून काढून पिशवीत ठेवलं. मग वेळ कशी लिहिणार म्हणून परत बाहेर काढलं.

११:२५. एक नर्स बाहेर येऊन आणखी रक्ताच्या दोन पिशव्यांसाठी चिठ्ठी देऊन गेली. वहिनी म्हणाल्या, “तू माझ्याकडे बघू नकोस, मला तुझ्या चेहऱ्यावर आकडे दिसतात.” मी खिडकीकडे तोंड करून बसले. खाली वाहनतळावर एक माणूस गाडीची काच पुसत होता. तीच काच, पुन्हा पुन्हा.

१२:०५. दार उघडलं. आमचं नव्हतं, दुसऱ्या कुणाचं होतं. बातमी ऐकून त्यांच्यातल्या एका बाईला खुर्चीवर बसवावं लागलं. मी हे लिहायला नको होतं, पण तू सोडू नकोस म्हणालास.

१२:५०. सर्जनबाई आल्या. फुगलेला भाग काढून त्या जागी कृत्रिम नळी शिवली आहे. रक्त अंदाजापेक्षा जास्त गेलं. त्या म्हणाल्या, “मुख्य काम झालं.” मी विचारलं, उरलेलं कुठलं? उजव्या पायात रक्त नीट उतरत नाही, बहुधा गुठळी अडकली आहे, पुन्हा उघडावं लागेल. वहिनींनी विचारलं, “पाय जाईल?” त्या म्हणाल्या, “आधी बघू द्या.” आणि आत गेल्या.

माझ्याकडे पुढचे पावणेदोन तास लिहिण्यासारखं काही नाही. मी आणि वहिनी एकमेकींचे हात धरून बसलो होतो. आधी कधी धरले नव्हते.

२:३५. तुला बाहेर आणलं. तोंडात नळी, डोळे बंद. गुठळी काढली म्हणाल्या. पाय राहील का, ते उद्या कळेल.

४:१०. मला पाच मिनिटं आत सोडलं. नर्सकडे पायातली नाडी ऐकायचं एक छोटं यंत्र असतं. तिने डाव्या पायावर टेकवलं, आवाज स्वच्छ आला. उजव्यावर टेकवलं. ती म्हणाली, “काही नाही.” मी म्हटलं, “आहे. पुन्हा लावा.” गोंगाटाच्या जेमतेम वर, पण ठराविक अंतराने येत होता. बारीक लहरी ऐकणं हेच माझं काम आहे. तिने पुन्हा लावलं, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाली, “हं.” कागदावर लिहून घेतलं.

५ एप्रिल

९:२०. तोंडातली नळी काढली. तू जागा आहेस पण बघत नाहीस.

९:४५. डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली. डाव्या पायाची पाचही हलली. उजव्याची नाही. ते पुन्हा म्हणाले. नाही. वहिनी पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून उभ्या होत्या. पाय कालच्यापेक्षा कमी गार आहे. हे मी हात लावून सांगते आहे, यंत्राने नाही.

९:५५. डॉक्टर बाहेर गेले. मी तुझ्या पायाशी वाकून म्हटलं, “दादा, उजवा अंगठा हलव.” काही नाही. पुन्हा म्हटलं.

१०:०५. हलला. नखापुरता. मला खात्री नव्हती म्हणून मी परत हलवायला सांगितलं. परत हलला. वहिनींना बोलावलं आणि म्हटलं, “दादा, अजून एकदा, त्यांना दाखव.” हलला. मी म्हटलं, अजून एकदा.

तू डोळे न उघडता म्हणालास, “गप बस गं.”